कीबोर्डच्या पोटातला रिकामा स्लॉट

१९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू या छोट्या कंपनीने ‘एम्युलेटर’ नावाचा कीबोर्ड बाजारात आणला. त्याच्या पोटात १२८ केबी मेमरी होती. आज एखाद्या साध्या फोनचं स्टोरेज १२८ जीबी असतं, म्हणजे त्याच्या दहा लाख पट. एम्युलेटरच्या १२८ केबीत जेमतेम काही सेकंदांचा आवाज मावायचा, तोही आठ-बिटी आणि खरखरीत. किंमत हजारो डॉलरमध्ये. तरी पहिल्या गिऱ्हाइकांमध्ये स्टीव्ही वंडर होता.

एवढं काय होतं त्या यंत्रात? मायक्रोफोनसमोर काहीही वाजवा, बोला, खोका. ते पकडून पट्ट्यांवर पसरवता यायचं. खालच्या पट्टीला आवाज जाडाभरडा, वरच्या पट्टीला चिरका. याला सॅम्पलिंग म्हणतात. आज रील बनवणाऱ्या कुणालाही हे पोरखेळ वाटेल. पण पुढची तीस-पस्तीस वर्षं कीबोर्ड बनवणारे आणि वाजवणारे एकाच प्रश्नाशी झगडत होते: आवाज ठेवायला जागा किती, आणि त्या जागेत काय ठेवायचं हे कोण ठरवणार? प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो थेट आपल्या ढोलकीपर्यंत येतो. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

सुरुवातीच्या सिंथेसायझरला स्मरणशक्ती अशी नव्हतीच. १९७०च्या मिनिमूगवर आवाज घडवायचा म्हणजे गोल बटणं फिरवत बसायचं. मनासारखा आवाज सापडला की कागदावर बटणांची चित्रं काढून कुठलं बटण किती फिरवलंय ते लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तो कागद समोर ठेवून पुन्हा जुळवायचं, आणि तरी आवाज हुबेहूब येईलच असं नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात मिनिमूग आणला तो केर्सी लॉर्ड यांनी. रेकॉर्डिंगला शंभर वादक ताटकळत बसलेत आणि एक माणूस बटणं पिळतोय, हे दृश्य डोळ्यासमोर आणा म्हणजे मेमरीची किंमत कळेल.

१९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीने ‘प्रॉफेट-५’ आणला. त्यात छोटा प्रोसेसर होता आणि चाळीस आवाजांच्या जुळण्या लक्षात राहायच्या. बटण दाबलं की कालचा आवाज हजर. या जुळण्यांना जागा फार थोडी लागते, कारण त्यात प्रत्यक्ष आवाज नसतोच. बटणं कुठे होती त्याचे आकडे असतात. पाककृती लिहायला कागदाचा चिटोरा पुरतो, तसं. वीज गेली तरी हे आकडे टिकावेत म्हणून आत एक बटणासारखी चपटी बॅटरी बसवलेली असायची. हिची आठवण ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

सॅम्पलिंगचं तसं नाही. तिथे पाककृती नव्हे, शिजलेलं अन्न साठवायचं असतं.

हिशेब सोपा आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजण्या आणि प्रत्येक मोजणीला दोन बाइट. एका सेकंदाला ८८,२०० बाइट, मिनिटाला पाच एमबी, आणि स्टीरिओ हवा असेल तर दहा. आता एक पियानो नीट साठवायचा म्हणा. ८८ पट्ट्या. प्रत्येक पट्टी हळू, मध्यम, जोरात आणि खूप जोरात अशी चार प्रकारे वाजवायची आणि दर वेळी दहा सेकंद स्टीरिओत पकडायचं. एकूण सहाशे एमबीच्या वर जातं. ऐंशीच्या दशकात मेमरी केबीच्या हिशेबात विकत मिळायची.

सिडनीमध्ये पीटर व्होगेल आणि किम रायरी या दोन तरुणांनी १९७९ साली ‘फेअरलाइट सीएमआय’ नावाचं यंत्र तयार केलं. त्यात आठ स्वर एका वेळी वाजत आणि प्रत्येक स्वराला १६ केबी मेमरी मिळे. एखाद्या सेकंदाच्या आतबाहेर आवाज. साठवण आठ इंची फ्लॉपीवर, जी जवळजवळ जेवणाच्या ताटलीएवढी असायची. या यंत्राच्या फ्लॉप्यांमध्ये एक आवाज होता तो स्त्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’च्या रेकॉर्डिंगमधून उचललेला, अख्ख्या वाद्यवृंदाचा एकच दणका. १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये तो दणका आला आणि मग जगभर आला. पुढे स्वस्तातल्या कीबोर्डांवरही ‘ऑर्केस्ट्रा हिट’ नावाचं बटण ठरलेलं असायचं, आणि गणपतीच्या मांडवातल्या ऑर्केस्ट्रांनी निवेदकाच्या प्रत्येक घोषणेनंतर ते मनमुराद दाबलं. तो आवाज इतका आखूड का? कारण लांब आवाजाला जागाच नव्हती. मेमरीच्या टंचाईने एक सौंदर्यदृष्टी जन्माला घातली.

१९८५च्या सुमारास एन्सोनिक कंपनीचा ‘मिराज’ सतराशे डॉलरच्या आत मिळू लागला. मेमरी तीच, १२८ केबी. पण ज्यांना फेअरलाइट फक्त मासिकातल्या चित्रात बघायला मिळायचा अशा वादकांच्या घरात सॅम्पलिंग आलं.

आणि १९८८ मध्ये आला जपानच्या कोर्गचा ‘एम-वन’.

एम-वनच्या कपाळावर ‘म्युझिक वर्कस्टेशन’ असं छापलेलं होतं. आवाज, ढोलताशे, इफेक्ट आणि आठ ट्रॅकचा सीक्वेन्सर, सगळं एका पेटीत. एका माणसाने संपूर्ण गाणं बांधावं अशी सोय. लाखभराच्या वर खपला. रॉबिन एसच्या ‘शो मी लव्ह’मधला तो ठणठणीत ऑर्गन एम-वनचाच. पण गंमत बघा, या यंत्राच्या सगळ्या वाद्यांसाठी मिळून कायमस्वरूपी मेमरी होती चार एमबी. सीडीच्या मापाने मोजली तर ती मोनोमध्ये ४७ सेकंद भरते. पियानो, व्हायोलिनचा ताफा, बासरी, गिटार, ड्रम, माणसांचा कोरस, सगळे ४७ सेकंदांत.

हे जमवलं कसं? लूप करून. कुठल्याही वाद्याची ओळख कानाला पहिल्या क्षणात पटते: हातोडा तारेवर आपटतो तो क्षण, फुंकर जिभेवरून सुटते तो क्षण. तेवढाच खरा साठवायचा. पुढचा स्थिर भाग म्हणजे तरंगाचा एक छोटासा तुकडा, तोच गोल गोल फिरवत राहायचा आणि वरून आवाजाची पातळी हळूहळू उतरवायची. शिवाय एकच सॅम्पल चार-पाच पट्ट्यांवर ताणून बसवायचं. त्यामुळे एम-वनचा पियानो खऱ्या पियानोसारखा वाजत नाही, तो चकचकीत आणि टणक वाजतो. आणि लोकांना नेमका तोच आवडला.

पियानो आणि ऑर्गनला ही युक्ती चालून जाते. व्हायोलिनच्या लांब सुरालाही चालते. पण सनईचा सूर स्थिर कुठे असतो? एका स्वरातून दुसऱ्यात जाताना ती जी मींड घेते, तो प्रवासच तर सनई. त्याचा लूप केला की सनईची पिपाणी होते. ढोलकीचंही तेच. शाईवरची टणत्कार देणारी थाप आखूड असते, ती सहज मावते. पण डग्गा बाजूचा तो घुमारा, मनगटाने दाबून वर चढवलेला, तो प्रत्येक वेळी वेगळा असतो. एका सॅम्पलमध्ये तो मेलेला ऐकू येतो. चार एमबीत कोणती वाद्यं बसवायची हे ठरवताना जपानी इंजिनियरांच्या मनात ढोलकी असण्याचं कारणही नव्हतं.

१९९१ मध्ये कीबोर्ड कंपन्यांनी मिळून ‘जनरल मिडी’ नावाचा करार केला. त्यात १२८ आवाजांची यादी पक्की झाली, म्हणजे एका कंपनीच्या कीबोर्डवर बांधलेलं गाणं दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर त्याच वाद्यांत वाजेल. त्या यादीत १०५ क्रमांकाला सितार आहे आणि ११२ क्रमांकाला ‘शनाई’. ५६व्या क्रमांकाला तो ऑर्केस्ट्राचा दणका आहे. विमानासारखा घरघरणारा हेलिकॉप्टर आहे, बंदुकीची गोळी आहे, टाळ्यांचा कडकडाट आहे. तबला नाही. हार्मोनियम नाही. ढोलकी, संबळ, तुतारी, हलगी यांचा तर प्रश्नच नाही.

म्हणून रिकाम्या स्लॉटची गोष्ट महत्त्वाची.

कीबोर्डच्या पोटात दोन जातींचे स्लॉट असायचे, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. पहिली जात कंपनीच्या पाटीची. रोलंडच्या जेव्ही आणि एक्सपी मालिकेत याची चैन होती. एक्सपी-५०, एक्सपी-८०, पुढे एक्सपी-६०. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत, लग्नाच्या बँडांत आणि बँजो पार्ट्यांत हे कीबोर्ड वर्षानुवर्षं स्टँडवर उभे होते. झाकण उघडायचं, आत चार जागा. तिथे रोलंडने विकलेली पाटी बसवायची: एक पियानोची, एक वाद्यवृंदाची, एक जगभरच्या वाद्यांची, एक चक्क ‘आशिया’ नावाची. पाट्यांवरचे आवाज उत्तम होते. पण ते कंपनीने ठरवलेले, पाटीत कायमचे कोरलेले. अख्खा आशिया एका पाटीत बसवायचा म्हटल्यावर आपल्या वाट्याला काय येणार ते उघड आहे. तुमचा स्वतःचा आवाज तिथे जाऊ शकत नव्हता.

दुसरी जात खऱ्या अर्थाने रिकामी. तिथे साधी संगणकाची मेमरी बसायची आणि त्यात तुम्हाला हवा तो आवाज भरता यायचा.

अकाईचा १९८८चा ‘एस-१०००’ हा सॅम्पलर दोन एमबी घेऊन यायचा आणि वाढवत ३२ एमबीपर्यंत नेता यायचा. १९९१चा कुर्झवाइल ‘के-२०००’ तर ६४ एमबीपर्यंत जायचा. साध्या संगणकात जे ‘सिम’ लागायचे (मोबाइलचं सिम नव्हे, हिरव्या पट्टीवर काळ्या चिप चिकटवलेली मेमरीची कांडी), तेच यात लागत. शिवाय के-२००० अकाईच्या डिस्क वाचू शकायचा. म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर साठवलेला आवाज यात उघडायचा. आजच्या बंदिस्त ॲपच्या जमान्यात हे औदार्य वाटावं.

फक्त सिम स्वस्त नव्हते. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात मेमरी एमबीमागे तीस-चाळीस डॉलरच्या घरात होती. त्यात जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपचं जे काळं आवरण असतं त्यासाठी लागणारी एपॉक्सी राळ तिथे बनत असे, आणि जगाच्या गरजेतला निम्म्याहून मोठा वाटा तो कारखाना पुरवत होता. मेमरीचे भाव भडकले. के-२०००ची ६४ एमबी पूर्ण भरायची तर मेमरीचाच खर्च कीबोर्डच्या किमतीच्या जवळ जायचा. १९९६ मध्ये भाव कोसळले तेव्हा वादकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

मग १९९९ साली कोर्गचा ‘ट्रायटन’ आला. सोळा एमबी मेमरी आतच, म्हणजे साधारण तीन मिनिटं मोनो आवाज. ७२ पिनांचे ३२ एमबीचे दोन सिम बसवले की ६४ एमबी, म्हणजे साडेअकरा मिनिटं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत संगणकाचे सुटे भाग घेणाऱ्या माणसाला हा व्यवहार परका नव्हता. फरक इतकाच की दुकानदाराला सांगायचं, हे कॉम्प्युटरसाठी नाही, कीबोर्डसाठी आहे. आणि त्याने टंकलेखनाचा कीबोर्ड समजून तुमच्याकडे संशयाने बघायचं.

मेमरी बसवणं हे काम अवघड कमी आणि भीतीदायक जास्त. कीबोर्ड गादीवर उलटा ठेवायचा, जॉयस्टिकच्या दोन्ही बाजूंना उशा, नाहीतर वजनाने ती मोडते. खालचे स्क्रू काढून वाटीत ठेवायचे. अंगातली स्थिर वीज उतरवायला धातूला हात लावायचा. कांडी तिरकी घालून सरळ करायची, कट असा आवाज आला की बसली. पण खाचेत बसली म्हणजे चालली असं नव्हे. प्रत्येक यंत्राला ठरावीक जातीची चिप लागे. काही यंत्रांत दोन कांड्या जुळ्या असाव्या लागत. चुकीची कांडी घातली तर कीबोर्ड सुरू होताना मेमरीचा आकडाच दाखवत नसे, आणि मग पुन्हा स्क्रू, वाटी, गादी.

आणि एवढं करून ही मेमरी विसराळू. रॅम ती. बटण बंद केलं की पाटी कोरी. प्रत्येक कार्यक्रमाआधी सगळे आवाज पुन्हा भरायचे. कशावरून? फ्लॉपीवरून. एका साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी. ट्रायटनची सोळा एमबी भरायची तर बारा फ्लॉप्या, एकामागून एक, प्रत्येकीला मिनिटभर किंवा जास्त. पडदा उघडायच्या आधी कीबोर्डवाला फ्लॉप्यांची चळत घेऊन बसलाय आणि सातव्या फ्लॉपीला यंत्र म्हणतंय, वाचता येत नाही. त्यातच जनरेटरवाल्याने वीज दोन सेकंद घालवली तर पुन्हा पहिल्या फ्लॉपीपासून. स्कझी नावाच्या जाड केबलने हार्ड डिस्क किंवा शंभर एमबीची झिप डिस्क जोडणं हा त्यावरचा इलाज, पण स्कझीची पाटीही वेगळी विकत घ्यायची.

एवढा खटाटोप लोकांनी केला, कारण त्या रिकाम्या जागेत त्यांना कारखान्यात नसलेलं काही भरायचं होतं. कुणीतरी ओळखीच्या ढोलकीवाल्याला खोलीत बसवून थापा पकडल्या. कुणी संबळ, कुणी तुतारी, कुणी हलगी. हेच ऑक्टोपॅडच्या बाबतीत झालं. रोलंडच्या पॅडवर आधी कारखान्यातलेच आवाज मिळायचे. नंतर आलेल्या एसपीडी-एसएक्समध्ये स्वतःचे आवाज भरता येऊ लागले, आणि नाशिक ढोल, हलगी असं सगळं आठ-नऊ रबरी चौकोनांत येऊन बसलं. आपल्याकडे या भरलेल्या आवाजांना ‘टोन’ म्हणतात. टोनचा एक अख्खा बाजार उभा राहिला. पेन ड्राइव्हवर लावणीचे टोन, भीमगीतांचे टोन, कोळीगीतांचे टोन. विकणारा एक, कॉपी करणारे शंभर.

कंपन्यांना हे कळायला वेळ लागला, पण कळलं. यामाहाने भारतासाठी पीएसआर-आय मालिका काढली, त्यात तबला-तानपुरा आतच होते. रोलंडच्या एक्सपीएस-१० मध्ये भारतीय वाद्यं आली आणि पेन ड्राइव्हवरून स्वतःचं सॅम्पल भरायची सोयही. आधी वादकांनी स्लॉट भरून दाखवला, मग कारखान्याने ते आवाज आत घेतले, असा हा क्रम मला दिसतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती गोड नाही. ज्या ढोलकीवाल्याच्या थापा पकडल्या, त्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले असतील तर मिळाले. नंतर त्याच थापा कीबोर्डवाला वाजवू लागला आणि लहान कार्यक्रमांत ढोलकीवाल्याची खुर्ची गेली. मुंबईच्या सिनेसंगीतात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. व्हायोलिनचे ताफे, त्यात गोव्याहून आलेले कितीतरी ख्रिस्ती वादक, नव्वदच्या दशकात हळूहळू स्टुडिओबाहेर गेले. मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग, बदललेली रुची, बजेट, अशी त्याची अनेक कारणं सांगता येतात. पण तीन-चार माणसांचं काम एका पट्टीवर मावू लागलं हे त्यातलं ठळक. मेमरी जितकी वाढली तितकी खोटी व्हायोलिनं खऱ्याच्या जवळ गेली. एम-वनच्या चार एमबीतल्या व्हायोलिनने कुणाचं पोट मारलं नसतं कदाचित. पुढच्या शेकडो एमबींनी मारलं.

यामाहाच्या ‘मोटिफ’ मालिकेत ही वाढ टप्प्याटप्प्याने दिसते. २००१च्या पहिल्या मोटिफमध्ये सिम घालून ६४ एमबी. २००३च्या मोटिफ ईएसमध्ये संगणकाच्याच डिमच्या कांड्या, ५१२ एमबीपर्यंत. २००७च्या एक्सएसमध्ये एक जीबी. पण तीही विसराळू. जीबीभर आवाज भरायचा तर सुरू केल्यावर चहा पिऊन यावं. २०१०च्या मोटिफ एक्सएफमध्ये यामाहाने फ्लॅश मेमरीच्या दोन पाट्यांची जागा दिली, मिळून दोन जीबी. फ्लॅश विसरत नाही. बटण दाबलं की काल भरलेली सनई तयार. पाट्या महाग होत्या आणि फक्त यामाहाच्याच चालत. तरी माझ्या मते वर्कस्टेशनच्या इतिहासातली ही सर्वांत समजूतदार सोय: जागा तुमची, भरणार तुम्ही, आणि वीज गेली तरी शाबूत.

कोर्गने वेगळी वाट धरली. २००५चा ‘ओएसिस’ उघडला तर आत चक्क पेंटियम प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि लिनक्स निघायचं. २०११चा ‘क्रोनोस’ही तसाच, ॲटम प्रोसेसर आणि ३० जीबीची एसएसडी. त्याची खरी युक्ती वेगळी होती. आवाजाचा फक्त सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवायचा आणि तो वाजत असेपर्यंत उरलेला एसएसडीवरून ओढून घ्यायचा. ही कल्पना १९९८ सालच्या ‘गिगासॅम्पलर’ या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधली, कीबोर्डमध्ये ती आता आली. त्यामुळे पियानोचा स्वर लूप न करता शेवटच्या कंपनापर्यंत साठवता आला. एका पियानोला काही जीबी. एम-वनच्या ४७ सेकंदांपासून इथवर यायला तेवीस वर्षं लागली. पुढच्या क्रोनोस एक्समध्ये दुसऱ्या एसएसडीसाठी जागा ठेवलेली होती, आणि हौशी लोक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुन्हा गादीवर बसले.

यामाहाच्या २०१६च्या ‘मोंटाज’मध्ये पावणेदोन जीबी फ्लॅश आतच बसवलेली आहे आणि स्लॉट नाही. भरा तेवढं भरा, संपलं की संपलं. बॅटरी न निघणाऱ्या फोनची सवय झालेल्यांना हे खटकणारही नाही. आणि खरं सांगायचं तर लॅपटॉप घेऊन स्टेजवर जाणाऱ्याला कीबोर्डच्या स्लॉटची गरजही उरलेली नाही.

पण जुनी यंत्रं अजून वाजतात, आणि त्यांचे आवाज ज्या वस्तूंवर ठेवले होते त्या वस्तू मरताहेत. सोनीने मार्च २०११ मध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढलेली फ्लॉपी उघडून बघा, चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके असतात. ती ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं डोकंही खराब करते. एक्सपी-३० किंवा पहिल्या मोटिफला लागणारी स्मार्टमीडिया कार्डं १२८ एमबीच्या पुढे कधी गेलीच नाहीत आणि आता नवी बनतही नाहीत. आणि ती चपटी बॅटरी. एम-वनसारख्या यंत्रात ती संपत आली की पडद्यावर ‘बॅटरी लो’ येतं. ती बदलायला काढली की त्या क्षणी वादकाने वर्षानुवर्षं जमवलेल्या जुळण्या पुसल्या जातात. आधी मिडी केबलने त्यांची नक्कल संगणकावर घेतली तरच वाचतात, आणि दुरुस्तीला दिलेल्या दुकानात ती तसदी घेतली जाईलच असं नाही.

कारखान्यातल्या आवाजांचं काही बिघडत नाही. एम-वन आणि ट्रायटन दोन्ही कोर्गने स्वतःच सॉफ्टवेअरच्या रूपात पुन्हा विकायला काढले. एम-वन तर आयपॅडवर मिळतो. कुणाचं काही हरवलं असेल तर ते त्या रिकाम्या स्लॉटमध्ये भरलेलं. त्याची प्रत जपानात नाही. ती असलीच तर एखाद्या कीबोर्डवाल्याच्या पोटमाळ्यावर, रबर लावलेल्या फ्लॉप्यांच्या चळतीत.

सुदैवाने हे काम फार खर्चिक नाही. ‘गोटेक’ नावाचा एक चिनी खोका मिळतो. फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी तो बसवला की यंत्राला वाटतं फ्लॉपीच आहे, प्रत्यक्षात मागे पेन ड्राइव्ह असतो आणि त्यावर शेकडो फ्लॉप्या मावतात. स्कझी डिस्कच्या जागी एसडी कार्ड चालवणाऱ्या पाट्याही मिळतात. त्याआधी मात्र जुन्या फ्लॉप्या एकेक करून वाचून घ्याव्या लागतात. बुरशी कापसाने पुसायची, चकती सुकू द्यायची, यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह संगणकाला लावायचा आणि वाचेपर्यंत प्रयत्न करत राहायचं.

वाचली की पडद्यावर फाइलींची यादी येते. ट्रायटनच्या फ्लॉप्या जुन्या संगणकी पद्धतीने लिहिलेल्या असतात, म्हणजे फाइलीच्या नावाला आठ रोमन अक्षरांची जागा, त्यापुढे टिंब आणि मग के-एस-एफ, म्हणजे कोर्गचं सॅम्पल. नावं अशी असतात: डी-एच-ओ-एल-के-आय-०-१. मग ०-२. मग ०-३. ढोलकी आणि आकडा लिहिला की आठ अक्षरं भरतात. वाजवणारा कोण होता ते फाइलीत नसतं. क्वचित फ्लॉपीवरच्या कागदी चिठ्ठीवर पेनने लिहिलेलं सापडतं, शाई फुटलेली नसेल तर.